कंबरेची गोळी

मेघा सिस्टरनं शेताच्या धुऱ्यावरच मंदाबाईच्या दंडाला प्रेशरचा पट्टा गुंडाळला. मंदाबाईचे पाय अजून धानाच्या बांधीतल्या चिखलातच होते. मशीननं आकडा दाखवला. सिस्टरनं पट्टा सोडून परत गुंडाळला. पुन्हा तेच. एकशे नव्वद.

"बीपीची गोळी सोडली का, मंदाबाई?"

"नाही बाई, रोज घेऊन राहिली."

तेवढ्यात लक्ष्मणराव चहाची किटली घेऊन आले. बांधी त्यांची, रोवणी त्यांची. चहा सगळेच मालक देतात. हे चहाआधी प्रत्येक बाईच्या हातावर एक गोळी ठेवतात. कंबरेची. बायांनी सवयीनं हात पुढं केले. पहिली गोळी मंदाबाईच्या हातावर पडली.

सिस्टरनं पाकीट मागून घेतलं, उलटून वाचलं.

"हे रोज देता?"

"फुकट देतो. दुपारनंतर एकीची कंबर वाकत नाही. मंग रोवणी कोण करन?"

"अंगातल्या चरबीपासून एक द्रव्य बनते. प्रोस्टाग्लँडिन. दुखणं तेच आणते, अन रक्ताच्या नळ्या सैल ठेवून प्रेशरही तेच आवरते. ही गोळी ते बनूच देत नाही. दुखणं थांबते, प्रेशर चढते. इकून माझी गोळी उतरवते, तिकून तुमची चढवते. उद्या हिच्या डोक्यातली नस फुटली म्हणजे?"

"आतापर्यंत फुटली का कोणाची?"

"आणता कुठून येवढ्या गोळ्या?"

"आणतो कायले? माझ्या गुडघ्यासाठी नागपूरच्या डॉक्टरनं लिहून देल्ल्या होत्या. खोकंच घेऊन ठेवलं. मंग त्यानंच बंद केल्या. म्हणे तुम्हाले बीपी हाय, तुम्हाले चालत नाही." लक्ष्मणराव कपात चहा ओतत राहिले. "म्हटलं, वाया कायले घालवाच्या?"

मंदाबाई हातावरच्या गोळीकडं पाहत होती.

"नका घेऊ," सिस्टर हळूच म्हणाली.

"अन ओळीत मागं राहिली तं? उद्या माझ्या जागी दुसरी उभी राहते, बाई."

तिनं गोळी जिभेवर ठेवली. वरून चहाचा घोट घेतला.

"तुमचा डॉक्टर लय चांगला हाय, मालक," ती म्हणाली, आणि रोवायच्या पऱ्ह्यांची जुडी उचलून बांधीत वाकली.

लक्ष्मणराव धुऱ्यावर टेकले. सदऱ्याची बाही वर सारून त्यांनी दंड पुढं केला.

"आल्याच आहा तं माझंही पाहून घ्या, सिस्टर. पण आधी तो पट्टा पुसा. चिखल लागला हाय त्याले."