बाळांचा काटा

राज्याची वाटणी होऊन राजधानी दोन्ही राज्यांची सामाईक राहिली त्या वर्षी तिथल्या हिमायतनगरच्या एका प्रसूतिगृहात बाळांचा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा रिकामा असतानाही वजन दाखवू लागला. दोन किलो आठशे चाळीस ग्रॅम.

डॉक्टरीणबाईंनी तातेराव मेकॅनिकला बोलावलं. लाइट सारखी जात-येत होती, म्हणून तातेरावांनी विजेचाच दोष धरला. स्टॅबिलायझर लावला, अर्थिंगची वेगळी तार ओढली, शेवटी यूपीएस बसवला. वीज जसजशी स्वच्छ झाली तसतसा तो आकडा अधिकच पक्का झाला.

मग त्यांचा संशय चतुराबाईंवर गेला. वीस वर्षं तिथे आया असलेल्या चतुराबाई हल्ली काट्यापासून हलतच नव्हत्या.

“बाई, तुम्ही याला काय केलं?”

“काई नई केलं, भाऊ.”

“मग जरा बाहेर थांबा. मला एकट्याला बघू द्या.”

त्या बाहेर गेल्या. वाऱ्यानेही फरक पडू नये म्हणून तातेरावांनी पंखा बंद केला आणि दार लावून घेतलं.

तेवढ्यात आकडा थरथरू लागला. आठशे दहा, आठशे सत्तर, आठशे वीस. त्यांनी प्लग काढला. काट्यातल्या बॅटरीवर तो आणखीच जोरात हलू लागला.

दाराबाहेरून चतुराबाई म्हणाल्या, “भाऊ, नुसता हात ठेवा वर.”

दार बंद असताना त्यांना कसं कळलं, हे तातेरावांना उमगेना. तरी त्यांनी रिकाम्या ताटलीवर तळहात टेकवला.

हाताचं वजन चढलं नाही. आकडा फक्त हळूहळू शांत झाला.