दोराचं दुसरं टोक

या मंडळी, जवळ सरका. एका शिंप्याच्या वाचलेल्या जिवाची गोष्ट सांगतो.

त्याचा मेहुणा सुळक्यावर आधी चढला आणि शिंप्याच्या कमरेला बांधलेला दोर धरून बसला. "भावजी, पोट घरी ठेवून यायचं होतं," तो वरून हसला.

धुक्यात शिंप्याचा पाय निसटला, पण कमरेचा दोर ताठ झाला आणि तो तरला.

माथ्यावर येताच तो म्हणाला, "तुझ्या बहिणीचा संसार राखलास रे."

मेहुणा रडत होता. "भावजी, दोर माझ्या हातून सुटला होता."

दोर अजून ताठच होता. मेहुण्याला ओलांडून तो पलीकडच्या कड्याखाली धुक्यात उतरला होता. तिथे उभं राहायला वीतभर जागा नव्हती.

शिंप्याने हात जोडले. मग सुखरूप पोहोचल्याची खूण म्हणून दोराला दोन हिसके दिले.

पलीकडून हळूच दोन हिसके आले.

मंडळी, हात जोडाल तेव्हा त्या धरणाऱ्याचीही आठवण ठेवा.