झिबेकचे हात

“हे असे हात मी दाखवू शकत नाही,” दिग्दर्शक एर्मेक म्हणाला.

बिश्केकच्या स्टुडिओत नौरोजच्या, म्हणजे वसंतातल्या नववर्षाच्या, टीव्ही कार्यक्रमाचं चित्रीकरण चाललं होतं. बुरुल मांडीवर कोमुझ घेऊन दिव्यांखाली बसली होती. ते तीन तारांचं वाद्य वाजवण्यात तिचा जन्म गेला होता. कॅमेरा जवळ आला तशी तिची नखं समोरच्या पडद्यावर ताटाएवढी दिसू लागली. पिवळी, खड्डे पडलेली, कडेला उचकटलेली.

रंगभूषा करणारी झिबेक वाकून पाहत होती. “बुरशी आहे. माझ्या ब्रशांना हात लावू नका. मला अजून बाकीच्यांचे चेहरे करायचेत.”

“सोरायसिस आहे. कुणाला लागत नाही.”

“सगळे असंच म्हणतात. काही औषध का करत नाही?”

“करते ना. रोज नखाच्या मुळाशी मलम चोळते. बघा, मुळाशी नवं नख चांगलं येतंय. पण ते टोकापर्यंत यायला निम्मं वर्ष जातं.”

“नौरोज परवा आहे,” एर्मेक म्हणाला.

झिबेकने खोट्या नखांची डबी उघडली. बुरुलने हात मागे घेतले. “ही काढताना खालचं नखसुद्धा निघून येईल. डॉक्टरांनी सक्त मनाई केलीये.”

“मग हातमोजे घालून वाजवा,” झिबेक म्हणाली.

कॅमेऱ्यामागे कुणीतरी हसलं.

“हे बघा, एजे,” एर्मेक म्हणाला. ‘एजे’ म्हणजे थोरली बहीण, पण त्याच्या आवाजात ती कुठेच नव्हती. “चेहरा तुमचा, वाजवणं तुमचं. हात झिबेकचे दाखवू. पटत नसेल तर बाहेर दुसरी बाई बसलीये. ती स्वतःची धून वाजवेल.”

बुरुल उठली. कोमुझ पिशवीत घातला, चेन अर्धी ओढली आणि थांबली. ती वाजवणार होती ती धून तिच्या वडिलांची होती. त्यांनी ती डोंगरावर मेंढरांमागे हिंडताना बांधली होती आणि कुणाला टिपून घेऊ दिली नव्हती. आता ती एकट्या बुरुललाच येत होती.

ती परत जागेवर येऊन बसली.

नखं बारीक कापलेली असल्यामुळे तिने बोटांच्या मांसानेच वाजवलं. मध्येच एकदा नखाची उचकटलेली कड तारेत अडकली. तिने दात आवळले, पण हात थांबवला नाही. वाजवून झाल्यावर एर्मेक झिबेककडे वळून म्हणाला, “चल, बस आता.”

बुरुलने अंगातला मखमली झगा उतरवून दिला. झिबेकने तो चढवला आणि कोमुझ झाऱ्यासारखा धरला.

“शिकवा तिला,” एर्मेक म्हणाला. “हात हलतोय असं तरी वाटलं पाहिजे.”

बुरुलने बोट धरून दाखवायला हात पुढे केला. झिबेकने आपला हात झटकन मागे घेतला. “शिवू नका. तोंडाने सांगा.”

बुरुलने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि तोंडाने सांगू लागली. “अंगठा खाली. आता चारही बोटं वर. आता मनगट सैल सोडा, पाणी झटकल्यासारखं. अहो, पीठ मळताय का?”

झिबेकची गुलाबी नखं तारांवरून फिरत राहिली. भलतेच सूर निघत होते. ते कुणाला नको होते.

“वाजवता येत नाही एवढंच,” बुरुल म्हणाली. “बाकी हात सुंदर आहेत तुमचे.”

“माझे आहेत हे तरी कुणाला कळणार आहे?” झिबेक म्हणाली.

नौरोजला कार्यक्रम संपतो न संपतो तोच नारीनहून आईचा फोन आला. म्हातारीच्या घरी टीव्हीसमोर सगळी आळी जमली होती, मागे गलका ऐकू येत होता.

“बाबांची धून ऐकलीस?” बुरुलने विचारलं.

“कुठली ऐकतेय. मी तुझी नखंच बघत होते. कशी स्वच्छ झालीत गं. मी सगळ्यांना दाखवलं, ही बघा माझ्या लेकीची बोटं. देवाने ऐकलं माझं. आता ते मलम बंद कर. किती दिवस चोळशील?”

बुरुलने फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरला.

“बंद केलं, आई,” ती म्हणाली, आणि पुढच्या बोटासाठी नळीतून मलम काढलं.