शनिवारचा कप

"मिस्त्री, त्याला म्हणावं, भंगारात घालायच्या आधी एकदा ऑइल तरी बदलून बघू," ताई म्हणाली.

'तो' म्हणजे तिचा धाकटा भाऊ. मिस्त्रीच्या गॅरेजात तो तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. केस पिकले, तरी घरात त्याचं नाव बाळ्याच राहिलं होतं.

"तिला म्हणावं, खुशाल बदल," बाळ्या भिंतीला टेकवलेल्या टायरकडे बघत म्हणाला. "पण संध्याकाळी भंगारवाला येणार म्हणजे येणार. गाडी सुरू केली की गल्ली धुराने भरते. लोक माझ्या तोंडावर खिडक्या लावतात."

वडील, म्हणजे आबा, गेल्यापासून दोघांचा कारभार असाच चालला होता. भांडीकुंडी, खोल्या, सगळ्याच्या वाटण्या झाल्या. गाडीचे काही दोन तुकडे होईनात. तेव्हापासून जो कोणी मध्ये सापडेल त्याने निरोप इकडून तिकडे पोचवायचे. आज मिस्त्रीची पाळी होती. तो लहानपणी दोघांबरोबर गोट्या खेळलेला, त्यामुळे त्याला कोणाचीच बाजू घेता येत नव्हती.

ताईने फळीवरचा एक चकचकीत डबा उचलला, किमतीवर नजर टाकली आणि गरम भांडं ठेवावं तसा पटकन खाली ठेवला.

"ते नव्या गाड्यांचं," मिस्त्री म्हणाला. "पाण्यासारखं पातळ. आपल्या म्हातारीच्या सांध्यासांध्यातून गळून जाईल. हिला साधं घट्ट ऑइल लागतं. ते बघ, खालच्या फळीवर. स्वस्तही आहे."

"स्वस्त ऑइलने इंजिन जातं म्हणतात."

"कोण म्हणतं? आबांनी जन्मभर तेच पाजलं हिला."

ताईच्या छातीवरचा धोंडा थोडा हलला. खालच्या फळीवरचा तो डबा ती ओळखत होती. तसाच एक तिच्या मोरीत, बादलीमागे लपवलेला होता. दर शनिवारी दिवेलागणीला ती गुपचूप बॉनेट उचलायची आणि आबा घालायचे तसं कपभर ऑइल इंजिनात ओतायची. धूर यायला लागल्यापासून तिच्या जिवाला घोर लागला होता, की आपल्या स्वस्ताईनेच आबांची गाडी मारली. आणि बाळ्याकडून तर काही अपेक्षाच नव्हती. त्याने उभ्या जन्मात बॉनेट उचललं नसेल, यावर ती पैज लावायला तयार होती.

मिस्त्री पाना घेऊन गाडीखाली सरकला. नट सुटला आणि काळं ऑइल घमेल्यात पडू लागलं. घमेलं अर्धं झालं, मग काठोकाठ आलं. धार मात्र थांबायचं नाव घेईना.

"अरे, दुसरं घमेलं द्या कोणीतरी!" मिस्त्री खालून ओरडला.

दोघंही धावले. ताईला बादली सापडली, बाळ्याने ती पायाने गाडीखाली ढकलली. तेवढ्यात जमिनीवर चांगलं थारोळं झालं होतंच. धार एकदाची आटली तेव्हा मिस्त्री कोपरापर्यंत काळा होऊन बाहेर आला.

"इंजिन आहे का विहीर? हिच्या पोटात मावतं त्याच्या जवळजवळ दुप्पट निघालं! वर चढून जळणार नाही तर काय होईल? त्याचाच तो धूर. इंजिनाला काहीही झालेलं नाही, ठणठणीत आहे. हिला ऑइल घालतं कोण?"

"मी," दोघं एकदम म्हणाले.

मिस्त्री फडक्याला हात पुसायचा थांबला.

"शनिवारी," ताई म्हणाली. "आबा घालायचे तसं. एक कप."

"रविवारी," बाळ्या म्हणाला. "पहाटे, ही उठायच्या आत. एक कप."

"आणि पट्टी?" मिस्त्रीने विचारलं. "पट्टी घालून ऑइल किती आहे ते बघायचं असतं, मग ओतायचं!"

"पट्टी आबांच्या हातातच मोडली होती," ताई म्हणाली. "त्यांनी तिथे बूच ठोकलं आणि अंदाजाने कप धरला."

"धन्य आहात! तो कप एकाच्या हातचा होता रे, तुम्ही दोघांनी दोन घातले!"

बाळ्या बुटाच्या टोकाने थारोळ्याची कड पुसत राहिला.

"मला वाटलं, हिला गाडीचं काही पडलेलंच नाही," तो म्हणाला. "नुसती अडवून बसलीय."

"मलाही तुझ्याबद्दल तेच वाटलं," ताई म्हणाली. तिला रडू येत होतं आणि रडू येतंय याचा रागही येत होता.

मिस्त्रीने खालच्या फळीवरचा डबा फोडला. नवी पट्टी बसवली, ती घालून, काढून, पुसून, पुन्हा घालून बघितली आणि खुणेपर्यंत ऑइल भरलं. गाडी सुरू केली. सुरुवातीला सवयीने थोडा धूर आला, मग विरत गेला. इंजिन आबांच्या वेळच्यासारखं खडखडायला लागलं.

बाळ्याने खिशातून फोन काढला आणि भंगारवाल्याला सांगितलं, "नका येऊ. हो, हो, कायमचंच नका येऊ."

"आता ऐका," मिस्त्री म्हणाला. "पट्टी बघायची, कमी असेल तरच घालायचं आणि एकानेच घालायचं. हा उरलेला डबा कोणाकडे देऊ?"

ताईने डबा त्याच्या हातातून घेतला, झाकण घट्ट फिरवलं आणि डिकीत आबांच्या कपाशेजारी ठेवला.

"शनिवारी मी पट्टी बघेन," ती बाळ्याला म्हणाली. "कपभर कमी असेल, तर अर्धाच घालेन. अर्धा तुझ्यासाठी ठेवते."