सणाच्या दिवशी गॅस बंद

गॅसच्या व्हॉल्व्हला सील ठोकून सरकारी निरीक्षक मृणाल पेडणेकर मागे वळली, तर अख्खी गल्ली अंगावर धावून आली. रस्ता खोदताना पाइपलाइनला चीर गेली होती. "संध्याकाळपर्यंत चालू द्या, मॅडम, सण आहे," असं कंपनीचा माणूस विनवत होता; तिनं ऐकलं नव्हतं.

"ह्यांच्या घरी शिजतंय ना!" कुणीतरी ओरडलं. ती दमून कडेच्या कट्ट्यावर टेकली.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. "अगं, गॅस गेला! पुरणाची डाळ अर्धीच शिजलीय. कुण्या मेल्यानं बंद केला?"

"मीच केला, आई."

बोलणी खायची तिनं तयारी ठेवली.

"बरं. बिनफोडणीचे दडपे पोहे करते, त्यांना कुठे गॅस लागतो?" सासूबाई म्हणाल्या. "ये घरी. आवाजच केवढा दमलाय तुझा!"