दात वर, दात खाली

इनामदाराच्या छातीवर रोखलेलं दाताळं आमच्या नायकाने अखेर जमिनीवर भिरकावलं. चारही दात वर. आता अनवाणी नायिका धावत येणार, पडदा पडणार आणि प्राथमिक फेरीचं पहिलं बक्षीस मला, म्हणजे दिग्दर्शकाला, मिळणार, हे मी धरूनच चाललो होतो.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून सिदूआप्पा उठले. दाताळं त्यांचंच. क्रांतीचं प्रतीक अस्सल हवं म्हणून गवत ओढायचं ते अवजार मी त्यांच्या गोठ्यातून मागून आणलं होतं. आप्पा लंगडत थेट रंगमंचावर चढले, दाताळं उलटवून दात खाली केले आणि नायकाला म्हणाले, "दात वर करून टाकत्यात व्हय रं? माझा पाय असाच गेला." मग खाली येऊन जागेवर बसले.

नाट्यगृह टाळ्यांनी दणाणलं. परीक्षकांनी लिहिलं, "शस्त्राचं पुन्हा अवजार करणारा तो कष्टकरी म्हणजे दिग्दर्शकाच्या प्रतिभेचा कळस!" बक्षीस मी नम्रपणे स्वीकारलं.

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन गोठ्यावर गेलो. "आप्पा, अंतिम फेरीतही वर यायचं बरं का. फक्त जरा जास्त लंगडत या."

आप्पा म्हशींपुढे गवत ओढत होते. "त्यापरीस त्या पोराला दात खाली ठेवायला शिकवा की. मग मला कशाला यायला लागतंय?"

माझ्या तोंडून निघूनच गेलं, "अहो, मग नाटकात उरतं काय?"