लाल पट्ट्याची डावी चप्पल

दिवा पोचला होता, पण गिऱ्हाइकाने 'पसंत'चं बटण दाबलं नव्हतं.

"टोपी घातली आपल्याला," भागीदार तिला फोनवर म्हणाला. "बाई दिवा लावून मजेत बसली असेल. हा नियमच काढून टाकू. आधी पैसे, मग माल. तू फक्त हो म्हण."

ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. "थोड्या वेळाने सांगते," म्हणून तिने फोन ठेवला.

नियम तिचाच होता. त्यांच्या ऑनलाइन दुकानात क्रिप्टोने, म्हणजे इंटरनेटवरच्या चलनाने, खरेदी करता येत असे, आणि क्रिप्टोची खोड अशी की एकदा पाठवलेले पैसे कितीही डोकं आपटलं तरी माघारी बोलावता येत नाहीत. अनोळखी दुकानाला असे पैसे कोण पाठवणार? म्हणून तिने ते मध्येच थांबवून ठेवायचं ठरवलं. वस्तू घरी आली, वापरून पाहिली, पटली, की गिऱ्हाइकाने 'पसंत' हे बटण दाबायचं. मग पैसे दुकानाचे. नाही पटली तर वस्तू इकडे, पैसे तिकडे. पहिली मागणी या दिव्याची आली तेव्हा दोघं खुर्च्या सरकवून नाचले होते. आता दोघांची सगळी बचत मालात अडकली होती. पैसे असेच लटकत राहिले तर दुकान गुंडाळावं लागणार होतं. आणि नियम काढला, तर नवीन माणूस दारात पाऊल टाकणार नव्हता.

ती बसली होती ती जागा म्हणजे बाबांचं बंद झालेलं चपलांचं दुकान. फळ्यांवर आता तिची खोकी होती, पण चामड्याचा आणि पॉलिशचा वास काही जागा सोडत नव्हता. कोपऱ्यातला आरसा गुडघ्याएवढाच उंच. लहानपणी ती त्याच्यासमोर फतकल मारून बसायची आणि येणारी माणसं चेहऱ्यावरून नाही, पायांवरून ओळखायची. किती सुखाचे दिवस होते ते! तेव्हा लोक आत यायचे, बसायचे, पाय पुढे करायचे.

"काय शेठ, तोंड का उतरलंय?" बाबा आत आले. दुकान बंद होऊनही त्यांचा सकाळचा शिरस्ता सुटला नव्हता. वरच्या फळीवरची लाल पट्ट्याची डावी चप्पल त्यांनी उतरवली आणि मऊ फडक्याने पुसायला घेतली.

"तुमची रीत उचलली बाबा, आणि बुडाले."

रीत खरोखर बाबांची होती. दुकान नवं होतं तेव्हा त्यांना कोणी ओळखत नव्हतं. लोक म्हणायचे, दुकानात चप्पल मऊ लागते आणि घरी नेली की चावते. मग बाबांनी शक्कल काढली. "एकच न्या," ते सांगायचे. "घरात घालून फिरा. पटली तर पैसे आणा आणि दुसरी घेऊन जा." एकट्या चपलेचा ना गिऱ्हाइकाला उपयोग, ना दुकानदाराला. त्या दिवसांत अख्खी गल्ली घरात लंगडत फिरायची म्हणे. पण माणसं परत यायची. पुढे तर त्यांना एक न्यावी लागेना, ती डोळे मिटून जोडच उचलायची.

फक्त हा बायकांचा लाल जोड तेवढा फुटला होता. तिने लहानपणी विचारलं, की बाबांचं उत्तर ठरलेलं. "उजवी नेली गिऱ्हाइकानं. पैसे काही आले नाहीत." मग तुम्ही मागत नाही का? "मागतो की अधूनमधून." गावात कुठेतरी एका पायाची चोर बाई राहते, असं तिला कित्येक वर्षं वाटत होतं.

आज मात्र तिला राग आला. "त्या बाईनं तुम्हाला चक्क फसवलं, बाबा! आणि तुम्ही तिचीच चप्पल पुसत बसलाय. माझंही तेच होणार आहे."

आई चहा घेऊन वरच्या मजल्यावरून उतरली होती. तिने कप जरा जोरातच ठेवले.

"फसवलं म्हणे!" एवढंच बोलून ती पुन्हा जिना चढली.

खाली आली तेव्हा तिच्या हातात जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेलं काहीतरी होतं. तिने गाठ सोडली आणि डावीशेजारी उजवी ठेवली. तोच लाल पट्टा, तेच बक्कल. डावीचा तळ कोरा होता. उजवीचा घरात फिरून फिरून झिजला होता.

मुलगी बघतच राहिली. "आई, तू?"

"पैसे दिले असते तर दुसऱ्या दिवशी दुकानात यायला निमित्त काय उरलं असतं? मी रोज यायचे आणि सांगायचे, अजून ठरवतेय."

"शेवटी मीच गेलो हिच्या घरी," बाबा मान वर न करता म्हणाले. "हिच्या वडिलांना म्हटलं, चप्पल परत द्या, नाहीतर मुलगी द्या."

तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले. हा सौदा चोख मिटला असता तर ती जन्मालाच आली नसती.

फोन वाजला. "नियम राहू दे," तिने भागीदाराला सांगितलं. "लोकांना ठरवायला वेळ लागतो." मग दिवा घेतलेल्या बाईला पाठवायला लिहून ठेवलेली ताकीद तिने पुसली आणि लिहिलं, 'दिवा कसा वाटतोय? सावकाश कळवा.'

बाबांनी दोन्ही चपला जवळ सरकवल्या आणि घसा खाकरला.

"काय बाई, जोड तर पुरा झाला. आता तरी पैसे देणार का?"

आईने उजवी उचलली आणि पुन्हा साडीच्या तुकड्यात बांधली.

"घाई कसली एवढी? अजून ठरवतेय."